बोटीवरची मैलाटाकी : आधी हवा, मग लिटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्याच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की बोटींवरच्या संडासांचा विषय आता निघू लागला आहे, हे चांगलेच झाले. पण ही चर्चा बहुधा ‘प्रत्येक बोटीवर मैल्याची टाकी सक्तीची करा’ या एका वाक्यावर येऊन थांबते. टाकी हवीच, त्यात दुमत नाही. अडचण पुढे सुरू होते. घाईघाईत बसवलेली टाकी काही महिन्यांत वास मारू लागते, बोटीवर बसवेनासे होते आणि मालक गुपचूप एक नळी फिरवून मैला पुन्हा थेट पाण्यात सोडू लागतो. कागदावर टाकी असते, पाण्यात मैला असतो. हे टाळायचे तर टाकी निवडताना किंवा बांधून घेताना काही गोष्टी नीट कळायला हव्यात, म्हणून हे सविस्तर पत्र.

टाकी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो, ‘किती लिटरची घेऊ?’ तो महत्त्वाचा आहे, पण पहिला नाही. पहिला प्रश्न हा की टाकीत हवा कशी खेळणार. मैल्यात जिवाणू असतातच. त्यांना प्राणवायू मिळाला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्याला वास नाही. प्राणवायू तुटला की दुसऱ्या जातीचे जिवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायू सुटतात. सडक्या अंड्यांचा वास तो यांतल्या हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणजे दुर्गंधी हा टाकीचा स्वभाव नव्हे, ती गुदमरल्याची खूण आहे.

आणि हवेच्या नळीवरच सर्वात जास्त काटकसर होते. १६ मिलिमीटर आतील व्यासाची नळी हा किमान आकडा समजावा. २५ मिलिमीटरच्या नळीचे तोंड क्षेत्रफळाने त्याच्या जवळजवळ अडीचपट असते, ३८ मिलिमीटरचे साडेपाचपटीहून अधिक. शक्य तिथे २५ किंवा ३८ घ्यावी. नळी आखूड असावी, टाकीपासून बाहेरच्या तोंडापर्यंत सतत चढती असावी आणि मध्ये कुठेही झोळ नसावा. झोळात पाणी साचले की हवा थांबते. जागा असेल तर दोन नळ्या बोटीच्या दोन बाजूंना काढाव्यात, वारा एकीतून आत येतो आणि दुसरीतून बाहेर जातो. बोट झुकल्यावर नळीचे तोंड पाण्याखाली जाणार नाही, ते खिडकीजवळ किंवा पिण्याच्या पाण्याच्या तोंडाजवळ येणार नाही, हेही पाहावे. वास रोखायला काही जण या नळीत कोळशाची गाळणी बसवतात. तिचा उपयोग होतो, पण ती एकदा भिजली की बुचासारखी घट्ट बसते आणि हवाच बंद करते. तोंडाला फार बारीक जाळी लावली तरी तेच होते. मिठाचा थर, टाकी काठोकाठ भरल्यावर नळीत चढलेला कागदाचा लगदा, कुंभारीण माशीने लिंपलेली माती यांपैकी काहीही ती बंद करू शकते.

नळी बंद पडल्यावर फक्त वासच येतो असे नाही. टाकी उपसताना किनाऱ्यावरचा पंप मिनिटाला साठ लिटर मैला ओढत असेल, तर तेवढीच हवा मिनिटाला आत यायला हवी. ती आली नाही तर आत निर्वात तयार होतो. आत-बाहेरच्या दाबात दर चौरस सेंटीमीटरला ०.३ किलोचा फरक पडला तरी ६० गुणिले ४० सेंटीमीटरच्या एका भिंतीवर ७०० किलोहून अधिक भार येतो. पातळ टाकी चपटी होते, शिवणी उकलतात. उलट टाकी भरत असताना नळी बंद असेल तर आत दाब साठतो आणि डेकवरचे, उपसण्याच्या तोंडाचे झाकण उघडणाऱ्याच्या अंगावर कारंजे उडते. म्हणून उपसण्यापूर्वी नळी मोकळी असल्याची खात्री करायची. डेकवरचे झाकण उघडून तोंड बाजूला ठेवायचे आणि टाकीत थोडे पाणी सोडून हवेच्या नळीशी हात धरायचा. हवेची झुळूक लागली पाहिजे.

दुसरी गोष्ट होजची, म्हणजे संडास आणि टाकी जोडणाऱ्या लवचीक नळीची. वास आला की लोक टाकीत औषधे ओततात, पण पुष्कळदा वास टाकीचा नसतोच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. साधा पाण्याचा किंवा जाळीदार पारदर्शक होज मैल्यासाठी वापरला तर वास काही काळाने रबरातून, प्लास्टिकमधून आरपार झिरपतो. होज बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि तरी घमघमतो. त्याची परीक्षा सोपी आहे. फडके गरम पाण्यात बुडवून पिळायचे, होजवर थोडा वेळ गुंडाळून ठेवायचे, निवले की दूर नेऊन हुंगायचे. फडक्याला वास लागला असेल तर तो होज बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मैल्यासाठीच बनवलेला जाड, आतून गुळगुळीत होज घ्यावा. लांब सरळ भागात कडक पीव्हीसी पाइप घातला तर आणखी उत्तम, त्यातून वास झिरपत नाही. मात्र दोन्ही टोकांना मऊ होजचे तुकडे हवेत, नाहीतर बोटीच्या कंपनाने जोड तडकतात. काटकोनी एल्बोऐवजी (वळणाच्या जोडाऐवजी) ४५ अंशांचे दोन एल्बो अंतर ठेवून लावावेत. प्रत्येक जोडावर दोन स्टेनलेस क्लिपा, त्यांचे स्क्रू परस्परविरुद्ध बाजूंना. क्लिपेचा पट्टा स्टेनलेस पण स्क्रू साधा लोखंडी, असा माल सर्रास मिळतो. लोहचुंबक लावून पाहिले तर बरेचसे कळते.

होजमध्ये मैला उभा राहू नये, ही त्यातली कळीची गोष्ट. ३८ मिलिमीटर आतील व्यासाच्या होजमध्ये दर मीटरला सुमारे १.१३ लिटर मावते. संडासापासून टाकीपर्यंत तीन मीटर होज असेल तर तो पूर्ण धुऊन निघायला साधारण ३.४ लिटर पाणी लागणार. दोन लिटर मारून हात थांबवला की उरलेला मैला होजमध्येच राहतो. म्हणून संडास आणि टाकी जितकी जवळ तितके चांगले, आणि होज टाकीकडे उतरता असेल तर सोन्याहून पिवळे. होज वर चढवून मग टाकीत सोडावा लागत असेल तर चढाचा भाग आखूड ठेवावा.

समुद्राच्या पाण्याने फ्लश करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते आणि बंद जागेत त्याचेच हायड्रोजन सल्फाइड होते. बोट आठवडाभर उभी राहिली आणि पहिल्याच फ्लशला सडका वास आला, तर तो पाणी आत घेणाऱ्या नळीतल्या मेलेल्या सूक्ष्म जीवांचा असण्याची शक्यता मोठी. शिवाय समुद्राचे पाणी आणि लघवी मिळून होजमध्ये कठीण पांढरा थर धरतो आणि ३८ चा होज बघता बघता २५ चा होतो. व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाचे पाणी अधूनमधून रात्रभर ठेवले तर थर आटोक्यात राहतो. गोड्या पाण्याने फ्लश करता आले तर दोन्ही कटकटी बऱ्याच अंशी मिटतात. पण त्यासाठी पिण्याच्या पाण्याची लाइन संडासाला थेट जोडायची नाही, मध्ये हवेचे अंतर किंवा स्वतंत्र छोटी टाकी पाहिजेच.

आता लिटर. समजा चार माणसे, दोन दिवस, माणशी रोज पाच फ्लश. चाळीस फ्लश झाले. हाताने पंप मारायच्या संडासात फ्लशला अडीच लिटर धरले तर १०० लिटर पाणी. शरीराचे म्हणून माणशी रोज पावणेदोन लिटरच्या आसपास, म्हणजे आणखी १४. एकूण ११४. टाकी ८० टक्क्यांहून जास्त भरू द्यायची नाही, कारण वर हवेला जागा हवी आणि बोट हलल्यावर मैला हवेच्या नळीत चढता कामा नये. म्हणजे साधारण १४० लिटरची टाकी. हाच हिशेब फ्लशला एक लिटर घेणाऱ्या संडासाने केला तर ४० अधिक १४, म्हणजे ५४, आणि टाकी ७० लिटरची पुरते. मोठ्या टाकीसाठी बोटीत जागा शोधण्याआधी संडास बदलून पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. फक्त कमी पाण्याचा संडास टाकीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर वर सांगितलेला होजचा हिशेब आडवा येतो. मोरीचे, अंघोळीचे पाणी या टाकीत घ्यायचे नाही. त्या पाण्याने ती दोन दिवसांच्या आतच भरते. गरजेपेक्षा फार मोठी टाकीही नको, कारण मैला दीर्घकाळ पडून राहतो आणि तळाला गाळ घट्ट बसतो.

भरलेली १४० लिटरची टाकी दीडशे किलोच्या पुढे जाते. ती नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला ठेवली तर बोट तोंडावर पडते, एका कुशीला ठेवली तर कलते. मध्याजवळ आणि खाली, ही तिची जागा. टाकी अर्धी भरली असता आतला मैला झुकण्याच्या बाजूला धावतो आणि बोटीचा तोल आणखी बिघडवतो. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे रुंदी निम्मी केली की तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणून आडवी पसरट टाकी टाळून अरुंद आणि उंच घ्यावी. मोठ्या टाकीत आत आडपडदे असावेत, पण त्यांना तळाशी आणि वर मोठी भोके ठेवायची. तळाच्या भोकांतून गाळ सरकतो, वरच्यांतून हवा. ही भोके लहान ठेवली तर प्रत्येक कप्पा वेगळा सडतो.

सामग्रीविषयी थोडक्यात सांगता येईल. साच्यात घडवलेली, जाड भिंतींची पॉलिथिलीनची टाकी बहुतेकांसाठी सर्वात बरी. भिंत ९ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असावी. पिण्याच्या पाण्याची पातळ टाकी मैल्यासाठी वापरू नये, ती फुगते आणि कालांतराने तिच्यातून वास झिरपतो. पॉलिथिलीनला सिलिकॉन किंवा कुठलाही डिंक धड चिकटत नाही. त्यामुळे जोड वेल्ड केलेलेच हवेत, आणि प्लास्टिकच्या आट्यांत धातूचा निपल (आट्यांचा जोडतुकडा) कसून पिळायचा नाही, तडा जातो. ॲल्युमिनियमच्या नादी लागू नये. स्टेनलेस स्टील दिसायला दणकट, पण लघवी, क्षार आणि तळाच्या गाळाखालचा प्राणवायूचा अभाव यांमुळे वेल्डजवळ सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. ३०४ प्रतीचे स्टील तर नकोच, ३१६ एल प्रतीचेसुद्धा वेल्ड नीट साफ केलेले नसतील तर दगा देते. रबरी पिशवीवजा टाकी तात्पुरत्या सोयीपुरती ठीक, ती घासून झिजते आणि पूर्ण रिकामी होत नाही.

बोटीच्या वेड्यावाकड्या जागेत तयार टाकी बसत नसेल तर प्लायवुड आणि इपॉक्सीची (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनची) बांधता येते. ती सुटी बांधावी, बोटीची भिंत हीच टाकीची भिंत करू नये. पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी सामाईक भिंत तर अजिबात नको. १२ मिलिमीटर मरीन प्लाय, आतल्या प्रत्येक कोपऱ्यात इपॉक्सीच्या लुकणाची किमान २० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई, त्यावर काचकापडाचे दोन थर आणि मग नुसत्या इपॉक्सीचे तीन हात. कापड विणलेले किंवा शिवलेले घ्यावे. पॉलिएस्टर रेझिनसाठीची तुटक धाग्यांची मॅट नको, कारण तिच्यातले बांधणीचे द्रव्य पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, इपॉक्सीत नाही, आणि मॅट धड भिजत नाही. दोन हातांमध्ये पृष्ठभागावर मेणचट थर आला असेल तर पाण्याने घासून धुवावा, नाहीतर पुढचा हात सुटून येतो. तळ बाहेर पडणाऱ्या तोंडाकडे उतरता ठेवावा.

अशी टाकी बहुधा भोकापाशी फुटते. झाकणाच्या प्लायला ३८ चे भोक पाडले की कापलेली कड उघडी पडते. तिच्यातून ओल आत शिरते, प्लायचे पदर सुटतात आणि वर्षा-दोन वर्षांत फिटिंग हलू लागते. उपाय असा की भोक आधी दहा-बारा मिलिमीटर मोठे पाडायचे, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरायचे, वाळल्यावर त्या भरावातच नेमक्या मापाचे भोक पाडायचे. मग पाण्याची गाठ लाकडाशी पडतच नाही. शेवटचे झाकण बसवण्यासाठी आत ५० मिलिमीटर रुंद पट्टी सोडावी. तपासणीचे तोंड एवढे मोठे ठेवावे की हात घालून ही शेवटची शिवण आतूनही कापडाने बंद करता येईल. टाकी भरण्यापूर्वी आठवडाभर वाळू द्यावी.

सगळी तोंडे शक्यतो टाकीच्या माथ्यावर असावीत. उपसण्यासाठी ३८ चा पाइप माथ्यातून तळाजवळ नेता येतो. त्याचे खालचे टोक तिरके कापावे आणि तळापासून साधारण २५ मिलिमीटर वर ठेवावे. त्याहून खाली गेले तर पाइप तळाला चिकटून ओढ धरतो. वर राहिले तर गाळ उरतो. ६० गुणिले ४० सेंटीमीटरच्या सपाट तळावर २५ मिलिमीटरचा थर म्हणजे सहा लिटर मैला कायमचा आत. तळाला उतार किंवा छोटी खळगी असेल तर तो लिटर-दीड लिटरवर येतो. कडेला खाली तोंड काढले तर त्या जोडावर मैला सतत उभा राहतो आणि गळती लागली की पूर्ण टाकी बोटीच्या तळात उतरते.

याला अपवाद पाण्याच्या पातळीच्या वर ठेवलेल्या टाकीचा. तिच्या तळाच्या सर्वात खालच्या बिंदूतून सरळ खाली ३८ किंवा ५० चा पाइप, त्यावर कॉक, बस. पंप नाही, वायर नाही. जिथे मैला सोडण्यास परवानगी आहे अशा खोल समुद्रात कॉक उघडला की ती आपोआप रिकामी होते. डेकवरचे उपसण्याचे तोंड बरोबर त्या पाइपच्या रेषेत ठेवले तर तुंबल्यावर वरून सरळ काठी घालून मोकळे करता येते. वजन थोडे वर जाते ही तिची उणीव, पण लहान शिडाच्या बोटीला आमची पसंती हिलाच.

मॅसरेटर, म्हणजे मैला बारीक करून ढकलणारा पंप घेतला तर १२ व्होल्टवर तो दहा ते वीस अँपियर ओढतो. वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडते आणि पंप अडकतो. त्याचा रबरी इम्पेलर (आतले फिरते चाक) कोरडा चालला की थोड्याच वेळात जळतो, म्हणून दाबून धरावे लागणारे बटण लावावे, चालू करून विसरता येणारे नको. काम झाल्यावर थोडे स्वच्छ पाणी त्यातून न्यावे, नाहीतर मैला वाळून पुढच्या वेळी पंप हलत नाही. केस, ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, दात साफ करायचा दोरा, यांनीच तो मरतो.

पाण्याच्या पातळीखाली असलेल्या संडासाचा किंवा पंपाचा होज बाहेर जात असेल तर त्याला वर वळसा हवा. त्याचा माथा बोट पूर्ण झुकल्यावरही पाण्याच्या वर राहिला पाहिजे आणि माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह असला पाहिजे. तो नसेल तर सायफन लागून समुद्र बोटीत येतो. हा व्हॉल्व्ह मिठाने चिकटतो, वर्षातून एकदा काढून धुवावा. मैला टाकीत जाणार की समुद्रात हे ठरवणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह टाकीच्या बाजूला वळवून कुलूप लावता येईल असा घ्यावा. डेकवरचे मैल्याचे तोंड डिझेल आणि पाणी यांच्यापासून लांब, वेगळ्या किल्लीचे आणि ठळक अक्षरांत ‘मैला’ लिहिलेले असावे. डिझेल भलत्या तोंडात ओतले गेल्याचे प्रकार घडतात.

टाकी जागेवर बसवली, वरून-बाजूंनी पट्ट्यांनी आवळली, तळाला पूर्ण आधार दिला, की मैला सोडण्यापूर्वी स्वच्छ पाण्याची परीक्षा घ्यावी. हवेची नळी मोकळी ठेवून टाकी भरायची, मग ती नळी आणि इतर तोंडे तात्पुरती बंद करून डेकच्या तोंडापर्यंत पाणी भरायचे आणि २४ तास ठेवायचे. डेक टाकीच्या तळापासून दीड मीटर वर असेल तर तळावर दर चौरस सेंटीमीटरला ०.१५ किलो दाब येतो, ६० गुणिले ४० च्या तळावर ३६० किलो. टाकी तुडुंब भरल्यावर कोणी पंप मारत राहिला तर एवढा दाब खरोखर येऊ शकतो. प्रत्येक जोडावर टिश्यू कागद फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी ओलही तो टिपतो.

औषधांच्या बाबतीत दोनच गोष्टी. फॉर्मल्डिहाइडची औषधे जिवाणू मारतात आणि पुढे मैलाशुद्धीकरणाचे कामही बिघडवतात, ती नकोत. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नये, क्लोरीन वायू सुटतो. आणि साफसफाईसाठी टाकीत डोके घालू नये. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणेच बंद होते आणि माणूस सावध होण्याआधी कोसळतो. मिथेन पेट घेतो, त्यामुळे जवळ ठिणगी नको.

मोठ्या जहाजांसाठी मार्पोल या जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट २७ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. ४०० टन ढोबळ क्षमता किंवा त्याहून मोठ्या, अथवा पंधराहून अधिक माणसे नेणाऱ्या आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या जहाजांना ते बांधते. साठवलेला कच्चा मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढे, किमान ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) वेगाने जात असताना आणि हळूहळूच सोडायचा, असे ते सांगते. लहान बोटींना त्या त्या ठिकाणचे नियम लागतात आणि बंदिस्त पाण्यात ते याहून कडक असले पाहिजेत. पण नियम करणाऱ्यांना आमची मागणी आहे की सक्तीसोबत धक्क्यावर ३८ मिलिमीटरच्या तोंडाला बसणारा उपसा पंप, धुवायला पाण्याची वेगळी नळी आणि मैला पुढे गटारलाइनला जोडण्याची सोय आधी करावी. तपासनिसानेही ‘टाकी आहे’ एवढ्या खुणेवर न थांबता तीन गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात. हवेच्या नळीतून झुळूक येते का, तीन तोंडांच्या व्हॉल्व्हला कुलूप आहे का, आणि उपसण्याचा पंप लावल्यावर टाकी खरोखर रिकामी होते का.

आपला नम्र,
नौकाबांधणी आणि दुरुस्तीच्या कामातील एक वाचक